बाकावरची अर्धी जागा

प्रत्येक माणसाच्या उजव्या हाताला त्याचा स्वतःचा एक देवदूत जन्मापासून मरेपर्यंत उभा असतो आणि माणसानं त्याला कधीही विसरू नये. हे वाक्य मी दौंडच्या एका मिशन शाळेत नऊ वर्षं पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवलं. त्याच्या जोडीला एक कृती असायची. प्रत्येकानं थोडं सरकून बसायचं आणि आपल्या उजवीकडं देवदूतासाठी बाकावर अर्धी जागा मोकळी सोडायची. ही पद्धत मला माझ्या लहानपणी एका म्हाताऱ्या सिस्टरांनी शिकवली होती. तिचा मुख्य फायदा असा, की दोन मुलांमध्ये वीतभर अंतर राहतं आणि चिमटे काढणं निम्म्यावर येतं. देवदूतांविषयी त्या काळात माझं मत विचारलं असतंत, तर याहून जास्त काही सांगता आलं नसतं.

आमच्या शाळेत ख्रिस्ती मुलं थोडी आणि इतर जास्त. ख्रिस्ती मुलांचा धर्माचा तास शाळा भरण्याआधी व्हायचा, आणि दुसरीतल्या मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठी, तयार करण्याचं काम माझ्याकडं होतं. बाहेरच्यांना वाटतं, की या वयात मुलांना फार गहन काही शिकवतात. खरं तर आम्ही शिकवतो ते असं: क्रुसाची खूण उजव्या हातानं करायची, डास मारायचा असेल तर प्रार्थना संपू द्यायची, डबा उघडण्याआधी देवाचे आभार मानायचे आणि डब्यात कारलं असलं तरी मानायचे. मग पापकबुलीची, म्हणजे फादरांपुढं आपली पापं सांगण्याची, तयारी. सात वर्षांच्या मुलाला पापांची यादी करायला सांगितली, की ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. एका मुलानं मला अगदी काकुळतीला येऊन सांगितलं होतं, "टीचर, सगळ्यांची पाच झालीत, माझी चारच होतायत." मी त्याला म्हटलं, शेजारच्याचं बघून लिहिलंस, हे पाचवं. तो समाधानानं जागेवर गेला.

प्रश्न सगळ्यात जास्त यायचे ते देवदूतावर. तो जेवतो का? तो शाळेला सुट्टी असली तरी येतो का? मी संडासात गेलो तर तो कुठं थांबतो? मी उत्तरं द्यायचे. मंगल नावाची एक घाबरट मुलगी होती. सगळे खेळायला गेले, की ती वर्गाच्या दारात उभी राहून "टीचर, मी एकटीच आहे" म्हणून रडायची. तिला मी एकदा जरा कडक आवाजात सांगितलं होतं, की एकटी हा शब्दच आपण वापरायचा नाही. तू कुठंही असलीस तरी तुम्ही दोघं असता. कुणी विचारलं, तर दोन म्हणायचं. रडणं थांबलं. मी हजेरी पुढं चालू केली.

माझा विश्वास कुठल्या मोठ्या दुःखानं गेला होता असं मला सांगता आलं असतं, तर हे लिहिणं सोपं झालं असतं. तसं काही घडलं नव्हतं. नवरा रेल्वेत होता, घर धड होतं, मुलं धड होती. विश्वास गेला तो छत्री हरवते तसा. कुठल्या गाडीत राहिली, कुठल्या दुकानात टेकवून ठेवली, आठवत नाही. पाऊस येतो तेव्हा कळतं, की ती आपल्याजवळ नाही, आणि पाऊस आला नव्हता. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जायचे, जपमाळ म्हणायचे, मुलांना तालासुरात प्रार्थना शिकवायचे आणि त्या वेळी मनात रात्रीच्या भाजीचा विचार असायचा. याची मला लाजही वाटत नव्हती. ते आता सांगताना वाटते.

शिकवण्याच्या नवव्या वर्षी, फेब्रुवारीत, शिरूरला मरियामातेच्या नव्या गुहेचं उद्घाटन होतं आणि त्यासाठी बिशप येणार होते. आमच्या अकरा मुलांनी देवदूत होऊन त्यांचं स्वागत करावं असं ठरलं. पांढरे झगे आणि पुठ्ठ्याचे पंख, पंखांवर चमकीचा कागद. बिशपांनी अकराला यायचं होतं, ते दीडला आले. तोवर अकरा देवदूत उन्हात उभे होते आणि त्यांच्यातले दोघे एकमेकांना पंखांनी मारत होते. व्यासपीठावर भाड्यानं आणलेला लाल सोफा होता. त्यावर बिशपांच्या शेजारी कोणी बसायचं, यावरून दोन प्रतिष्ठित मंडळींत हसतमुखानं जे चाललं होतं, ते बघून मला वाटलं, की सरकून बसायला शिकवायची गरज नेमकी कोणाला आहे. भाषणं सहा झाली. मुलांनी नाच केला तो सातव्या भाषणाच्या जागी बसवला गेला, म्हणजे घाईघाईनं.

परतीला आम्ही साडेतीनच्या एसटीत बसलो. सोबत मोठं माणूस म्हणून मी आणि शाळेतल्या हौसामावशी. हौसामावशी बौद्ध. शाळेत त्यांना बावीस वर्षं झाली होती आणि देवदूतांशी त्यांचा संबंध एवढाच, की पुठ्ठ्याचे पंख शिवायला दाभण त्यांनी घरून आणला होता. पाच बाकांवर मी मुलं दोन-दोन बसवली आणि अकरावा मुलगा मागं मावशींजवळ. एसटीच्या बाकावर देवदूतांना जागा नव्हती. कुणीतरी त्याबद्दल विचारलंच, तेव्हा मी सांगितलं, की आज त्यांनी उभ्यानं यावं. मंगलच्या शेजारी स्टेला होती. स्टेला ही मुलांमधली सगळ्यात शांत आणि सगळ्यात हट्टी मुलगी. सगळ्यांनी पंख काढून पोत्यात भरले, तिनं काढू दिले नाहीत.

मांडवगण फराट्याला गाडी दहा मिनिटं थांबली. मुलांना लघवीला जायचं होतं, तहान लागली होती, म्हणून आम्ही त्यांना उतरवलं आणि पुन्हा चढवलं. तेवढ्यात गावातलं बाजारचं म्हणा, लग्नाचं म्हणा, माणूस चढलं. मधली वाट गच्च भरली. मी पुढं ड्रायव्हरमागं अडकले आणि मावशी पार मागं. कंडक्टरनं विचारलं, "बाई, आली का समदी?" मला मुलं दिसत नव्हती, म्हणून मी तिथूनच ओरडून विचारलं, की एकेका बाकानं आपली संख्या सांगा. आवाज आले. दोन, दोन, दोन, दोन, दोन. मागून मावशी म्हणाल्या, "हितं येक." अकरा. मी कंडक्टरला होय म्हटलं आणि त्यानं घंटी मारली.

दौंडला चर्चच्या फाटकाशी आई-बाप उभे होते. मावशींची पद्धत अशी, की मूल पालकाच्या हातात देताना त्या त्याच्या डोक्याला हात लावतात. त्यांनी हात लावत लावत शेवटचं मूल दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "बाई, धाच हायत."

फाटकाशी एकच आई रिकाम्या हातांनी उरली होती. स्टेलाची आई, सुमन. नवरा रेल्वेत गँगमन, त्या दिवशी कुठंतरी लाइनीवर. तिनं आरडाओरडा केला नाही. तिनं फक्त विचारलं, "बाई, तुम्ही संगं होता ना?"

मी मंगलला जवळ घेतलं. स्टेला कुठं आहे? मंगल म्हणाली, ती पंखाला चिखल लागला म्हणून नळावर धुवायला थांबली होती. मग मंगलला वाटलं, की स्टेला पुढं माझ्याजवळ येऊन बसली. "मग तू दोन का म्हणालीस?" ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मीच धडा विसरले होते. "टीचर, ती होती तेव्हा जागा नव्हती. ती उतरली, मग तो बसला."

तेव्हा मोबाइल आमच्यापर्यंत आले नव्हते. मावशी म्हणाल्या, मी स्टँडवर कंट्रोलरला सांगते, तुम्ही निघा. संध्याकाळचं दूध आणायला त्या बाजूला जाणारा एक टेम्पो त्यांच्या ओळखीचा निघाला. केबिनमध्ये ड्रायव्हर, मधे मी आणि दाराशी सुमन. पाऊण तासाचा रस्ता. डोळ्यांसमोर काय काय येत होतं ते लिहीत नाही. ज्याचं मूल कधी दहा मिनिटंही नजरेआड झालंय त्याला सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. सात वर्षांची पोर, पांढरा झगा, पाठीला चमकीचे पंख, अनोळखी गाव, दिवस बुडायला आलेला. आणि मी तिला शिकवलेलं एकच हत्यार तिच्याजवळ होतं, ज्यात चिमटे कमी करण्यापलीकडं काही आहे असं मी स्वतः मानत नव्हते.

मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला. मोठी माणसं करतात तशी, नीट शब्दांची. एकही शब्द येईना. तोंडात आली ती पहिलीच्या मुलांची, देवदूताला सोबत राहायला सांगणारी लहानशी प्रार्थना, जी मी रोज सकाळी भाजीचा विचार करत म्हणवून घ्यायचे. ती मी म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग मनात म्हणाले, मला मोजता येत नाही, हे सिद्ध झालं आहे. आता तू मोज. आणि कधी ते कळलं नाही, पण मी सीटवर सरकले. गिअरच्या दांड्याला गुडघा लागेपर्यंत सरकले. उजवीकडं ड्रायव्हर होता, म्हणून जागा डावीकडं सोडली. अशा वेळी नियम कोण बघतं? माझ्या बाजूला ती वीतभर जागा तशीच मोकळी राहिली, दोन-तीन मिनिटं असेल. मग सुमनला वाटलं, की मी तिच्यासाठी सरकले. ती जवळ आली आणि त्या जागेत बसली. फाटकापासून आतापर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नव्हतं. आता तिनं माझा हात धरला. जिची लेक मी हरवली होती, ती मला धीर देत होती. मला त्या क्षणी कुठला उजेड दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. एवढंच, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला असं वाटलं, की मी ज्याच्याशी बोलतेय तो ऐकतोय.

मांडवगणच्या थांब्यावरचा दिवा लागला होता. शेडमधल्या सिमेंटच्या बाकावर स्टेला बसली होती, एका टोकाला, थोडी सरकून. मांडीवर धुतलेले पंख. शेजारची जागा मोकळी. आणि बाकासमोर खाली जमिनीवर धोतर-पागोट्यातले एक म्हातारे बसले होते, गुडघे धरून. मध्ये शेंगांच्या टरफलांचा ढीग.

सुमन धावली. म्हातारे उठले आणि थेट माझ्यावर आले.

"तुमी हिच्या बाई व्हय? बरं झालं आलात. आता त्यो कुठंय त्ये सांगा."

"कोण, आबा?"

"हिच्यासंगचा. दोन तास झालं बघतुय. पोरीला इचारलं, येकली हायेस का गं? म्हणती, न्हाई, माझ्यासंगं हाय येक जण. म्हणलं, कुठं गेला? म्हणती, हितंच हाय. म्हणलं, इल. नाव इचारलं, तर म्हणती नाव ठाव न्हाई. बिननावाचा मानूस पोरीसंगं? तवा तर म्या हललोच न्हाई. म्हणलं, त्येचं त्वांड बघूनच जायचं."

"तुमची गाडी?"

"गेली की. खुटबावला लेकीकडं निघालो व्हतो, उद्या नातवाचं बारसं. गाडी आली, थांबली, गेली. पोरीला हितं त्येच्या भरवशावर टाकून कसा जाऊ? आन् बाकावर टेकावं म्हणलं, तर ही बसू दीना. म्हणती, जागा हाय त्येची. माझं गुडघं निकामी झालं बघा."

मी त्यांना सांगितलं, जसं जमलं तसं. की आमच्यात मुलांना असं शिकवतात. की तो देवदूत असतो, दिसत नाही. आबांनी सगळं ऐकून घेतलं. पागोटं काढून पुन्हा बसवलं.

"म्हंजी, कोनीच नव्हतं."

स्टेला आईच्या कमरेला मिठी मारून त्यांच्याकडं बघत होती.

"आन् म्या दोन तास राखण कुनाची केली?" ते स्वतःशीच म्हणाले आणि मग हसले, दात नसलेलं हसू. "बरं. आता हाय म्हणता, तर आसंल. त्येला सांगा, फुडच्या येळंला बाकडं मोकळं ठिवत जा. म्हातारी मान्सं बी असत्यात."

मी त्यांना टेम्पोतून घरी सोडायचं म्हटलं, तर म्हणाले, घर हे इथं मागंच आहे. स्टेलाच्या मुठीत उरलेल्या शेंगा कोंबून ते निघून गेले, एक हात गुडघ्यावर ठेवून.

त्यानंतर कितीतरी वेळा मी हा हिशेब मांडून बघितला आहे आणि तो कधीच जमत नाही. मी शिकवलं नसतं, तर मंगल दोन म्हणाली नसती आणि स्टेला मागं राहिली नसती. मी शिकवलं नसतं, तर स्टेला रडली असती, "मी एकटी" म्हणाली असती, आणि कुणी भल्या माणसानं तिला चौकीवर पोचवलं असतं, किंवा भल्या नसलेल्या माणसानं ते ऐकलं असतं. एक म्हातारा गाडी सोडून दोन तास जमिनीवर बसला, तो माझ्या देवदूतावर विश्वास ठेवून नव्हे, तर त्याच्याविषयी संशय धरून. कृपा यायची असेल तर ती अशी कुठल्याही दारानं येत असावी. मला एवढंच कळतं, की तिला दार कुठलं हे मी सांगायचं नव्हतं. मी फक्त सरकायचं होतं.

शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या सिस्टर, मला काढून टाकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि सुमनला विचारलं, तुझं काय म्हणणं? सुमन म्हणाली, "बाईंनी नेली, बाईंनी आणली. माझ्या पोरीला त्याच शिकवतील." हे वाक्य मला कुठल्याही आशीर्वादापेक्षा जड आहे.

पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या आदल्या शनिवारी मुलं पापकबुलीसाठी रांगेत उभी होती. मंगल माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "टीचर, मी दोन म्हटलं, ते यादीत लिहायचं का?" मी म्हटलं, नाही, ते तुझं नाही. माझं आहे. अकरा मुलं आत जाऊन आली आणि बाराव्या नंबरवर मी गेले. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं सांगण्यासारखं काही होतं, आणि मला शेजारच्याच्या वहीत बघावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी फादरांनी प्रवचनात ही गोष्ट सांगितली. त्यात आबा शुभ्र वस्त्रांतले एक तेजस्वी पुरुष झाले होते आणि काम होताच दिसेनासे झाले. लोकांचे डोळे भरून आले. माझेही आले, कारण वेगळं होतं. आबा दिसेनासे वगैरे झाले नव्हते. महिन्याभरानं गुडघ्याचं औषध घ्यायला ते दौंडला आले, तेव्हा आमच्याकडं जेवले. बारशाचं विचारलं, तर म्हणाले, पोचेपर्यंत नाव ठेवून झालं होतं, आणि त्यांना ते पसंत नाही. तेव्हा स्टेलाही आली होती. तिनं त्यांना बाकावर आपल्या उजवीकडं बसवून घेतलं.

मी ती कृती अजूनही शिकवते. फरक एवढाच, की आता टेबलामागच्या खुर्चीत मीही थोडी सरकून बसते. मुलांच्या ते लक्षात आलं आहे, पण त्यांना त्यात विशेष वाटत नाही. भाजीचा विचार अजून येतो. तो येऊन जाऊ देते आणि प्रार्थना पहिल्यापासून म्हणते. ज्यानं माझी चुकलेली मोजणी त्या संध्याकाळी पुरी करून दिली, त्याचे आभार मानायला मला याहून मोठी पद्धत सापडलेली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मोठ्या सिस्टरांनी सूचनावहीत नवा नियम लिहिला: सहलीत मुलांची मोजणी प्रत्येकाच्या डोक्याला हात लावूनच करावी आणि त्यात देवदूतांना धरू नये. सगळ्या शिक्षकांनी सह्या केल्या. हौसामावशी म्हणाल्या, मी बावीस वर्षं तशीच मोजतेय, आणि त्यांनी सही केली नाही.